शिवानीनं घातलेली मुदत

आमच्या विहिरीला आठ हिस्सेदार आहेत आणि त्यातले सात जण मला भांडखोर समजतात. आठवा मीच. नळदुर्गच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं कारकुनी केली. शिक्षकांचे हजेरीपट सांभाळले आणि उशिरा येणाऱ्याच्या नावापुढं लाल शाईनं तसं लिहायला कधी कचरलो नाही, मग तो हेडमास्तरांचा मेहुणा का असेना. असा माणूस निवृत्त होऊन शेतावर आला की शेताचीही हजेरी घेतो. तेव्हा मी कुणाचं कौतुक करतोय म्हटल्यावर ऐकणाऱ्यानं जरा सावरून बसावं. मी शिवानीचं कौतुक करणार आहे आणि हातचं राखून करणार नाही.

शिवानी म्हणजे आमच्या हणमंतप्पांची सून. माहेर सीमेपलीकडं, आळंदकडचं. रागावली की कानडीत बोलते आणि मनातल्या मनात आकडेमोडही कानडीतच करते. सोलापुरात बीसीए केलं, लग्न होऊन इकडं आली आणि नळदुर्गच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागली. नवरा अमरनाथ हायवेवर टेम्पो चालवतो, त्यामुळं घर, सासरा आणि रान तिच्याच अंगावर. सकाळी भाकऱ्या थापून, रानात एक फेरी मारून ती स्कूटीवर चार किलोमीटर जाते आणि दुपारनंतर परत येते. बोलायला मोजकी. पण एकदा ‘बघते’ म्हणाली की बघूनच सोडते, हे मला फार उशिरा कळलं.

आधी विहिरीचं सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. विहीर एक, मोटार एक, पाइपलाइन एक आणि आठ जणांचे आठ वॉल्व्ह. प्रत्येकाला पाण्याची पाळी सहा तासांची. एकाची संपली की दुसऱ्याची, आठ झाले की पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्या विहिरीचे दोन कायदे आहेत. पहिला असा, की लाईट गेली की पाळी थांबते. शेतीची लाईट सकाळी नऊला येते आणि पाचला जाते, मधे कितीदा जाईल याचा नेम नाही. जेवढा वेळ लाईट नाही तेवढा वेळ कुणाच्याच नावावर धरायचा नाही. लाईट आली की राहिलेली पाळी तिथून पुढं. दुसरा कायदा असा, की आपली पाळी अर्ध्यातूनही दुसऱ्याला देता येते. कुणाच्या घरी मयत होतं, कुणाचं पीक वाळायला लागतं, अशा वेळी ‘माझे उरलेले दोन तास तुम्ही घ्या’ म्हणायचं. फक्त पाळी धरणाऱ्याला सांगायचं.

ही पाळी हणमंतप्पांनी एकतीस वर्षं धरली. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. हातातलं घड्याळ आणि डोकं, एवढ्यावर. कुणी कागद मागितला नाही, कुणी हुज्जत घातली नाही. शेजारच्या शिवारात पाण्यावरून डोकी फुटली, कोर्टकचेऱ्या झाल्या. आमच्या विहिरीवर एकतीस वर्षांत साधी शिवीसुद्धा ऐकू आली नाही. आता मी अधूनमधून आवाज चढवतो, पण तो माझा नेहमीचाच आवाज आहे.

दोन वर्षांमागं अप्पांचे डोळे गेले. म्हणजे मोतीबिंदू काढला, पण मागचा पडदाच खराब निघाला. माणूस दिसतो, झाड दिसतं, घड्याळातले काटे दिसत नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हां सगळ्यांना विहिरीवर बोलावलं.

‘‘माझ्याच्यानं आता व्हत न्हाय,’’ अप्पा म्हणाले. ‘‘दुसरं कोन तरी बघा.’’

पुढं कोण होणार? पाळी धरायची म्हणजे सात जणांचं ऐकून घ्यायचं, वर त्यात मी. तेवढ्यात मागं उभी असलेली शिवानी म्हणाली, ‘‘मी धरते.’’

‘‘तू क्लासात, मोटार रानात. कशी धरणार?’’ मी विचारलं.

‘‘मोटारीला मोबाईल स्टार्टर हाय न्हवं का, काका. लाईट आली-गेली की तो मेसेज टाकतो. मी एक प्रोग्रॅम लिहिते. तो पाळी मोजंल, तुमच्या सगळ्यांच्या फोनवर दाखवंल.’’

मला हे मुळीच पटलं नाही. सून म्हणजे बाहेरून आलेली, त्यात वय कोवळं, त्यात मशीन. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी याच क्रमानं मनात आलं होतं. मी उभा राहिलो आणि अट घातली. गुढीपाडव्यापर्यंत बघू. पाडव्यापर्यंत एकाचीही पाळी चुकली नाही तर जिम्मा शिवानीकडं. एकदा जरी चुकली, तरी ज्यानं त्यानं आपापली मोटार टाकायची.

आठ मोटारी एका विहिरीत टाकल्या तर काय होईल हे आम्हांला सगळ्यांना माहीत होतं. लाईट येताच आठही सुरू होणार, मार्चमध्ये विहीर अकरा वाजता तळाला जाणार, मोठी मोटार असेल त्याचं रान भिजणार. आमच्यातल्या म्हाताऱ्या रुद्रम्माला तर मोटार घेणंच शक्य नव्हतं. अप्पांनी एकतीस वर्षं राखलेलं सगळं एका उन्हाळ्यात धुऊन गेलं असतं. तरीही अट सगळ्यांनी मान्य केली, कारण ती मी मोठ्या आवाजात सांगितली होती.

शिवानी ‘बघते’ म्हणाली.

आठ दिवसांनी ती आमच्या घरी आली. माझी बायको वनमाला हिनं चहा ठेवला. मी मुद्दाम विचारलं, ‘‘तुझं ते मशीन पाळी मोजतं कसं, ते मला कळेल असं सांग.’’ मला वाटलं होतं, ही इंग्रजी शब्द फेकील आणि मी तिला तिथंच पकडीन.

‘‘एक डेटाबेस असतो, काका, कॅश म्हणतात त्याला. थोड्याच वेळापुरत्या लागणाऱ्या गोष्टी ठेवायला. त्यात एका नावाखाली एक गोष्ट ठेवायची. नाव ‘सध्याची पाळी’, आत हिस्सेदार, समजा ‘योगीराज’. आन् ठेवतानाच त्याला मुदत सांगायची, की एवढ्या सेकंदांनी हे पुसून टाक. मुदत सरली की तो आपणहून पुसतो. पुसलं गेलं की माझा प्रोग्रॅम पुढचं नाव ठेवतो, त्याला नवी मुदत. जावास्क्रिप्टमधी, म्हणजे मी प्रोग्रॅम लिहिते त्या भाषेत, एका ओळीचं काम हाय.’’

‘‘सेकंदात कशाला? सहा तास सांग की सरळ.’’

‘‘त्याला तास कळत न्हाईत. एकवीस हजार सहाशे सेकंद म्हटलं की कळतं.’’

साठ गुणिले साठ गुणिले सहा. मी मनात करून बघितलं, बरोबर होतं. मला जरा वाईट वाटलं.

‘‘आणि लाईट गेली तर?’’ मी विचारलं. ‘‘तुझं मशीन कुठं आहे?’’

‘‘भाड्यानं घेतलंय, मुंबईकडं कुठंतरी. तिथं लाईट जात न्हाय.’’

‘‘मग इथं मोटार बंद आणि तिथं सेकंद चालूच!’’ मी मांडीवर थाप मारली. वनमालेनं आतून ‘हळू’ असं म्हटलं.

शिवानी हसली नाही, रागावलीही नाही. ‘‘त्याचंच तर चार दिस केलं, काका. इथनं लाईट गेल्याचा मेसेज आला की प्रोग्रॅम आधी विचारतो, मुदत किती उरली? ती बाजूला लिहून ठेवतो. मग पाळीवरची मुदतच काढून टाकतो. मुदत न्हाय म्हटल्यावर ते नाव तसंच पडून राहतं, कितीबी वेळ. लाईट आली की उरलेली मुदत परत घालतो. अप्पा घड्याळ बघून हेच करत हुते.’’

अप्पा काय करत होते ते एकतीस वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण असं उकलून मी कधी बघितलं नव्हतं. चहा मात्र मी तोंड वाकडं करूनच प्यालो.

तेव्हापासून मी एक वही केली. माझ्या पाळीच्या दिवशी लाईट कधी आली, कधी गेली, सगळं मिनिटावर लिहायचं आणि संध्याकाळी शिवानीच्या आकड्याशी ताडून बघायचं. आज ना उद्या फरक सापडेल अशी माझी खात्री होती. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौषात तर लाईटनं नुसता खेळ मांडला होता, तरी फरक दोन मिनिटांवर कधी गेला नाही. ती दोन मिनिटंही माझ्या चष्मा शोधण्यातली असावीत. बाकीच्यांनी घड्याळ बघणंच सोडलं. फोन वाजला की वॉल्व्ह फिरवायचा, बस. योगीराज तर सगळीकडं सांगत सुटला की आमच्या विहिरीला कॉम्प्युटर बसवलाय.

फेब्रुवारीत मात्र घोटाळा झाला, आणि तो नेमका माझ्याच डोक्यावर फुटला.

त्या दिवशी सकाळी योगीराजच्या पाळीचे दोन तास राहिले होते, अकरापर्यंत. त्यानंतर माझे सहा, बरोबर पाचपर्यंत. माझा गहू दाणे भरायला आलेला, हे पाणी चुकून चालणार नव्हतं. पण मला पेन्शनच्या कामासाठी धाराशिवला जाणं भाग होतं. मी वाट्यानं काम करणाऱ्या सिदूला सांगून ठेवलं, की फोन आला की वॉल्व्ह फिरव, आणि सकाळची एसटी पकडली. इकडं सव्वानऊला योगीराजला सोलापूरहून निरोप आला, लेक बाळंतपणाला अडली आहे. त्यानं जाता जाता शिवानीला फोन केला, ‘‘माझं उरलेलं रुद्रम्माला दे, तिची भेंडी वाळायली.’’ शिवानी क्लासात होती. तिनं तिथूनच योगीराजचं नाव काढून रुद्रम्माचं घातलं आणि शिकवायला उभी राहिली.

संध्याकाळी पाचला मी उतरलो तो सिदू वॉल्व्हपाशी बसलेला. ‘‘फोन आलाच न्हाय, काका.’’ माझा गहू कोरडा. फोनवर बघितलं तर पाळी रुद्रम्माचीच, आणि उरलेल्या वेळेच्या जागी काहीच नाही. अकराला संपायची पाळी पाचपर्यंत चालली होती. माझे सहाच्या सहा तास भेंडीला गेले होते.

रुद्रम्मा भाबडेपणानं म्हणाली, ‘‘मला वाटलं, योगीराजनं फुडचीबी दिली, कारकूनसाब. म्या म्हनलं, देव पावला.’’

तिच्यावर काय ओरडणार? मी विहिरीवर गेलो आणि जो सापडेल त्याच्यावर ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो. मशीन, सून, क्लास, सोलापूरचं कॉलेज, काही सोडलं नाही. अप्पा बाजेवर बसून ऐकत होते. त्यांनी सुनेची बाजू घेतली नाही की मला गप्प बसा म्हटलं नाही. हिस्सेदार एकमेकांकडं बघायला लागले. अट मोडली होती. दुसऱ्याच दिवशी दोघं जण सोलापूरला मोटारींचे भाव विचारून आल्याचं माझ्या कानावर आलं.

मी ओरडून आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी सात वाजता शिवानी माझ्या दारात. डोळे तांबारलेले, रात्रभर झोपलेली दिसत नव्हती.

‘‘काका, चूक मशीनची न्हाय. माझी हाय,’’ ती उंबऱ्यातूनच म्हणाली. ‘‘नाव बदलायला मी नव्यानं ठेवायचीच ओळ वापरली. नव्यानं ठेवलं की आधीची मुदत निघून जाते. एक तर मुदत परत सांगायची, न्हायतर ‘नाव बदल, मुदत हाय तशी राहू दे’ असं सांगायचं. दोन्ही ऱ्हायलं. त्यामुळं रुद्रम्मा अज्जीची पाळी बिनमुदतीची झाली. प्रोग्रॅम आल्यापासनं आपल्याकडं कुणी अर्धी पाळी दिलीच नव्हती, म्हणून दिसलं न्हाय. मला आधी करून बघाय पायजे हुतं, मी बघितलं न्हाय.’’

तेहतीस वर्षं नोकरीत मी खुलासे वाचले. गाडी पंक्चर झाली, घरात आजारपण, कळवण्यात आले नाही. ‘मी बघितलं नाही’ असा खुलासा एकदाही आला नव्हता.

‘‘ते दुरुस्त केलंय,’’ ती म्हणाली. ‘‘रात्रीत वीसदा नाव बदलून बघितलं. आन् उद्या आमची पाळी हाय, सहा तास. ती तुमची. आधीच नाव घातलंय, मुदतीसकट.’’

‘‘आणि तुमचं कलिंगड?’’

‘‘बघते,’’ ती म्हणाली आणि स्कूटी फिरवून गेली.

माझा गहू भिजला. त्यांच्या कलिंगडाला तेव्हा नुकती बोराएवढी फळं धरली होती, त्यातली निम्मी गळाली. मी ती वेलांखाली पडलेली बघितली. तरीही तोंडानं एक शब्द बोललो नाही, कारण पाडव्याला अट मोडल्याचं मला सांगायचं होतं आणि मन मऊ करून घ्यायचं नव्हतं.

मग मार्च आला, आणि माझ्या फजितीचा दिवस आला.

माझी पाळी होती, माझ्यामागून रुद्रम्माची. मागच्या दिवसाचे दोन तास झालेले, चार राहिलेले. त्या दिवशी लाईट अकरा वेळा गेली. अकरा! मी जांभळीखाली वही घेऊन ठाण मांडलं होतं. नऊ अठ्ठावीस, नऊ छत्तीस, दहा सात... असं लिहीत होतो. तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला, ‘आपली पाळी संपली’. मी वहीत बेरीज केली. वही म्हणत होती, अजून चाळीस मिनिटं.

मला झालेला आनंद मी लपवत नाही. पाच महिने ज्याची वाट बघत होतो तो फरक एकदाचा सापडला होता.

रुद्रम्मा तिच्या वॉल्व्हपाशी येऊन उभी. मी म्हटलं, ‘‘थांब. वहीत अजून वेळ आहे.’’

‘‘फोन वाजला की, कारकूनसाब.’’

‘‘फोनला काय कळतंय? मागं सहा तास खाल्ले त्यानं माझे. वही बघ, वही.’’

तिला वाचता येत नाही. ती बिचारी बांधावर बसली. तेवढ्यात शिवानी क्लासावरून आली. तिनं वही घेतली, उभ्याउभ्या वरपासून खालपर्यंत वाचली आणि परत दिली. ‘‘चालू द्या, काका. अज्जीची पाळी तुम्ही वॉल्व्ह फिरवाल तेव्हा सुरू करते, तिचा वेळ जाणार न्हाय. पण वही एकदा परत बघा.’’

मी चारपर्यंत पाणी घेतलं आणि छाती काढून घरी गेलो.

तिन्हीसांजेला चहा घेताना मी वनमालेला सगळं रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत होती. ‘‘दोन ते तीनच्या दरम्यान काय लिहिलंय?’’ तिनं विचारलं.

मी बघितलं. एक पन्नासला लाईट गेली, त्यानंतरची नोंद एकदम दोन पंचावन्नला लाईट आल्याची.

‘‘मी डबा घेऊन आले तेव्हा सव्वादोन झाले होते. मोटार धाडधाड चालू होती आणि तुम्ही वही छातीवर ठेवून घोरत होतात. उठवावंसं वाटलं नाही, म्हणून डबा ठेवून आले.’’

मी पेन्सिल घेऊन बसलो. दोन पंधराला लाईट आलेली धरली; मी जागा होऊन ‘आली’ लिहिली ती दोन पंचावन्नला. चाळीस मिनिटं. नेमकी तीच. मोटार चालू होती, माझं रान भिजत होतं, आणि मी ती चाळीस मिनिटं माझ्या नावावर लिहिलीच नव्हती. वर तेवढीच जास्तीची घेतली, तीही एका विधवा म्हातारीला उन्हात बसवून.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. पाडव्याला नऊ दिवस होते. रोज सकाळी उठून ठरवत होतो की आज जाऊन सांगायचं, आणि रोज काहीतरी काम निघत होतं. शिवानी वाटेत दोनदा भेटली. तिनं वहीचं विचारलं नाही. मला खात्री आहे, उभ्याउभ्या वाचताना तो एक तासाचा खड्डा तिच्या ध्यानात आला होता. रोज पोरांच्या चुका तपासणारी बाई ती. पण सगळ्यांसमोर माझी लाज काढायची तिला इच्छा नव्हती. या नऊ दिवसांत मला सारखी तिची ती सकाळ आठवत होती. एका रात्रीत चूक शोधून, सात वाजता माझ्या उंबऱ्यात. आणि मी, तिच्या दुप्पट वयाचा, नऊ दिवस दडून.

पाडव्याला दुपारच्या जेवणानंतर आठही हिस्सेदार विहिरीवर जमले. अप्पा बाजेवर, शिवानी त्यांच्यामागं. योगीराज सोलापूरच्या दुकानाचा मोटारींचा कागद खिशात घेऊनच आला होता. त्यालाही हे मनातून पटत नव्हतं, पण सगळे टाकणार तर मागं कोण राहणार?

‘‘अट अंबादासरावांनी घातली हुती,’’ अप्पा म्हणाले. ‘‘पाळी चुकली तीबी त्यांचीच. तवा त्यांनीच बोलावं.’’

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी उभा राहिलो.

‘‘फेब्रुवारीत माझे सहा तास गेले,’’ मी म्हणालो. ‘‘रात्र सरताच ही पोर माझ्या दारात येऊन ‘चूक माझी’ म्हणाली. आपलं पाणी मला दिलं. कलिंगड गळालं ते तुम्ही बघितलंय. आता माझं ऐका. मागच्या सप्तमीला मी रुद्रम्माला चाळीस मिनिटं थांबवून तेवढं पाणी जास्तीचं घेतलं. वहीत चूक होती. मी झोपलो होतो, लाईट आलेली मला कळली नाही. त्याच दिवशी संध्याकाळी मला हे समजलं, आणि आज मी सांगतोय, नऊ दिवसांनी. मशीन बरोबर होतं. शिवानी बरोबर होती. चुकेल सगळ्यांचंच, मी तर चुकून वर ओरडलो. मला अशा माणसाच्या हातात पाळी हवी जो चुकल्यावर सकाळी सातला दारात येतो. माझी अट मी मागं घेतो.’’

रुद्रम्मा म्हणाली, ‘‘चाळीस मिंटाचं काय घिऊन बसलाव, कारकूनसाब. बसा, ऊन लागंल.’’

सगळे हसले, मीही हसलो आणि बसलो. योगीराजनं खिशातला कागद काढून चुरगळला. ‘‘माझं काय म्हननं न्हाय. अप्पांनी एकतीस वर्षं धरली, आता शिवानीनं जलमभर धरावी.’’ बाकीच्यांनीही ‘व्हय, व्हय’ केलं. झालं, असं वाटून काही जण उठायलाही लागले.

‘‘जलमभर नको,’’ शिवानी म्हणाली.

उठलेले परत बसले. ती अप्पांच्या मागून पुढं आली. पदर खोचलेला, हात मोकळे.

‘‘मला मुदत घाला. एक वर्षाची. पाडव्याला पाडवा. मुदत सरली की माझं नाव आपोआप निघालं असं धरायचं. मग मी तुम्हां सगळ्यांना विचारीन, परत ठेवायचं का दुसऱ्याचं घालायचं. कुणाला नको असंल तर कारण सांगायची गरज न्हाय, भांडायचीबी न्हाय. नुसता हात वर करायचा न्हाय.’’

मी हेडमास्तरांना निवृत्तीनंतरही खुर्ची सोडवत नव्हती ते बघितलंय. सोसायटीचे चेअरमन बघितलेत, भजनी मंडळाचा खजिनदार बघितलाय, पेटीची किल्ली कमरेला लावून झोपणारा. मी स्वतः निवृत्तीच्या दिवशी हजेरीपटाच्या कपाटापासून हलत नव्हतो, शिपायानं हात धरून बाहेर आणलं. एकोणतीस वर्षांची पोर, नुकतीच एक गोष्ट जिंकलेली, आणि आपल्याच नावाला आपण होऊन मुदत मागत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी पुसलंही नाही.

अप्पांनी मान वर केली. त्यांना तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, आवाजाच्या दिशेनं बघत होते. ‘‘एकतीस वर्षं म्या पाळी धरली,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘मला कुनी विचारलं न्हाय, म्याबी कुनाला विचारलं न्हाय. हे आपल्याला सुचलंच न्हाय बगा.’’ मग कानडीत तिला काहीतरी म्हणाले. मला कानडी येत नाही. शिवानीनं तेवढीच एकदा मान खाली घातली. नंतर रुद्रम्माला विचारलं तेव्हा कळलं, अप्पा म्हणाले होते, माझ्यापेक्षा बरी धरशील.

‘‘मग एका वर्षासाठी कोन कोन ठेवतं?’’ अप्पांनी विचारलं.

पहिला हात माझा वर गेला. रुद्रम्मानं दोन्ही वर केले.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. यंदाच्या पाडव्याला तिनं ठरल्याप्रमाणं विचारलं, आम्ही ठरल्याप्रमाणं ठेवलं. मी वही लिहायची बंद केली आहे. परवा पलीकडच्या शिवारातले चार जण पाळीचं काय करायचं ते विचारायला आले होते. त्यांच्याकडं विहिरीत सहा मोटारी आहेत आणि पाणी कुणालाच पुरत नाही. त्यांना घेऊन मी स्वतः अप्पांच्या घरी गेलो. शिवानी भाकऱ्या थापत होती. मी त्यांना म्हटलं, ही आमची पाळी धरणारी, काय विचारायचं ते हिला विचारा, पण हात धुऊन येऊ द्या. आमच्या विहिरीत आजही एकच मोटार आहे.